घाट आधी, नक्षी नंतर

तंबाखू ओढण्याच्या साधनावर पुस्तक लिहायचे आणि तंबाखूची भलामण मात्र कुठेही करायची नाही, असे या पुस्तकाच्या लेखकाने आधीच ठरवलेले दिसते. बरे केले. महाराष्ट्रात हुक्का पार्लरांवर २०१८ मध्ये कायद्याने बंदी आली, आणि तंबाखूने शरीराचे काय होते हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मग ज्या वस्तूचा वापर संपला, किंवा संपलेलाच बरा, तिच्या घडणीवर इतकी पाने कशासाठी? छत्रपती संभाजीनगरात बसून, बिदरीचे काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, हुक्क्याचे भांडे कसे घडवावे आणि त्याची अखेरची सफाई कशी करावी यावर कुणी पुस्तक का लिहावे?

माझे उत्तर सरळ आहे. बिदरीकामात कारागिराच्या हाताची सगळ्यांत कठोर परीक्षा घेणारी वस्तू म्हणजे हुक्क्याचे पाण्याचे भांडे. डबीला सपाट झाकण असते, तबकाला सपाट पाठ असते. तिथे नक्षी भरगच्च केली की पाहणाऱ्याचा डोळा गुंततो आणि खालच्या उणिवा खपून जातात. हुक्क्याचे भांडे चहूबाजूंनी गोल, बुडाशी रुंद, गळ्याशी निमुळते. कुठूनही पाहा, त्याची बाहेरची रेषा उघडीच असते. ती रेषा एका जागी जरी ढासळली, तरी तिच्यावरून जाणारी चांदीची वेल ते ढासळणे आणखी स्पष्ट करून दाखवते. जुन्या कारागिरांना हे माहीत होते. आज मात्र आपण बिदरीच्या नक्षीचे आणि काळेपणाचे कौतुक करतो, घाटाबद्दल बोलतच नाही. हे पुस्तक घाटापासून सुरू होते, म्हणून त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. हुक्क्याला वर चिलीम, मध्ये उभी नळी आणि खाली पाण्याचे भांडे असते. उभ्या नळीचे टोक पाण्यात बुडलेले असते. ओढणाऱ्याची दुसरी नळी पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघते. ओढले की धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो, त्या आवाजावरून आपल्याकडे साध्या हुक्क्याला गुडगुडी म्हणतात. या रचनेतूनच भांड्याचा घाट ठरतो. गळा अरुंद हवा, नाहीतर नळी हवाबंद बसत नाही. पोट मोठे हवे, कारण पाणीही मावले पाहिजे आणि वर मोकळी जागाही उरली पाहिजे. वजन खाली हवे, कारण वर लांब नळी आणि तिच्यावर जळते निखारे असतात. भांडे लवंडले तर गालिचा पेटतो. आज आपल्याला केवळ सुंदर वाटणारी ती वळणदार रेषा अशा रोकड्या गरजांतून आली आहे.

बिदरी म्हणजे जस्तप्रधान मिश्रधातू. त्यात थोडे तांबे असते. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे असे प्रमाण सहसा सांगितले जाते, जुन्या कामांत शिसे आणि कथीलही थोडे आढळते. त्याची वस्तू ओतायची, घासायची, तिच्यावर नक्षी खोदायची, त्या खाचांत चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी नवसागर व सोरामिश्रित मातीच्या लेपाने सगळा पृष्ठभाग काळा करायचा. चांदीला तो लेप काही करत नाही. काळ्यावर पांढरे असे जे अनोखे रूप बिदरीला येते, ते असे.

जगभर धूम्रपानाची साधने घडवणाऱ्यांचे हात निरनिराळ्या पदार्थांनी वळवले आहेत. हॉलंडमधल्या गौडा शहराने पांढऱ्या मातीचे लांब दांड्याचे पाइप साच्यांतून काढले. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरला एक मऊ पांढरा खनिज दगड सापडतो. तो ओला असताना कोरतात, वाळवतात आणि मेणात मुरवतात. जपानच्या किसेरूला दोन्ही टोके धातूची आणि मधला दांडा बांबूचा. फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भूमध्यसागरी ब्रायर झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचे लाकूड वापरात आले, आणि लाकडी पाइप म्हटले की ब्रायरच असे समीकरण झाले. पुढे लंडनच्या डनहिलने वाळूच्या झोताने पृष्ठभाग खडबडीत करण्याची तऱ्हा १९१७ च्या सुमारास रुळवली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर कोपनहेगनमध्ये स्थायिक झालेल्या सिक्स्टेन इव्हार्सन या स्वीडिश कारागिराने लाकडाच्या रेषा पाहून घाट ठरवण्याची डॅनिश परंपरा उभी केली. आपल्याकडे कुंभाराची चिलीम आहेच. तिच्याकडे कुणी कलावस्तू म्हणून पाहत नाही, पण चाकावरून उतरलेल्या चिलमीची भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी पातळ ठेवणे सोपे नाही.

हा फेरफटका उगाच मारलेला नाही. या सगळ्या घडणीचे ढोबळमानाने तीन मार्ग दिसतात. माती वाढवता येते, दाबता येते, चुकली तर पुन्हा मळता येते. तांबे-पितळ ठोकून हवे तिकडे वळवता येते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्याचा हंडा उभा करतो. लाकूड आणि दगड मात्र फक्त कमी करता येतात. गेले ते गेले. बिदरीचे जस्त दिसायला धातू असले तरी वागते लाकडासारखे. ओतलेले जस्त थंड असताना ठिसूळ असते, पितळेसारखे ठोकून त्याला आकार देता येत नाही. साच्यातून जे आले त्यातून घासून, खरवडून घाट काढावा लागतो. म्हणून आमच्या बिदरी कारागिराने पुण्याच्या तांबटापेक्षा सेंट क्लोदच्या सुताराकडून शिकण्यासारखे जास्त आहे, असे लेखक म्हणतात. पहिल्यांदा वाचताना हे मला चमत्कारिक वाटले. विचार केल्यावर पटले.

आता इतिहास. तंबाखू उत्तरेतून दक्षिणेत आला असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात पोर्तुगीजांमार्फत तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि दख्खनच्या दरबारांत आधी रुळला. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथून परतताना, १६०४-०५ च्या सुमारास, त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहासाठी भेट म्हणून नेली. दरबारातल्या हकिमाने नाराजी दाखवली, बादशहाने तरीही एक-दोन झुरके घेतले, हा प्रसंग असद बेगने स्वतःच लिहून ठेवला आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली हे त्यानंतरच्या शेकडो चित्रांतले हुक्केच सांगतात. हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने लावला असेही हमखास सांगितले जाते. पण हा हकीम १५८९ मध्ये वारला, म्हणजे असद बेगची नळी आग्र्याला पोचण्याच्या पंधरा वर्षे आधी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जशाच्या तशा खऱ्या मानणे अवघड आहे. नवशिक्याने गिलानीचे नाव पाठ करण्यापेक्षा नारळाच्या करवंटीचा हुक्का नीट पाहावा. पाणी भरलेली करवंटी आणि तिला वरून भोक, यातून धातूच्या गोल भांड्याकडे जाणारा रस्ता उघड दिसतो.

बिदरीची कला त्याआधीची, बहामनी काळापासूनची मानतात. बहामनींनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली आणि इराणी कसब तिथे येऊन मिसळले, अशी परंपरा आहे. आज जगभरच्या संग्रहालयांत जी जुनी बिदरी भांडी दिसतात, ती मात्र बहुतांशी सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरची आहेत. त्यांत हुक्क्याच्या भांड्यांचा वाटा मोठा. म्हणजे तंबाखूच्या नव्या शौकाने या कलेला मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले. व्यसनाने कलेला पोसावे, याचे वाईट वाटून घ्यायचे की आश्चर्य करायचे, हे वाचकाने ठरवावे.

या भांड्यांच्या घाटात एक ठळक वळण आहे. सतराव्या शतकातली भांडी चेंडूसारखी गोल. त्यांना स्वतःचे बूड नसते, ती कडीवर किंवा गुंडाळलेल्या चुंबळीवर ठेवायची. गोलावर कमानींची रांग, प्रत्येक कमानीत एक फुललेले रोपटे, क्वचित चांदीबरोबर पितळही जडवलेले. अठराव्या शतकात बूड सपाट आणि रुंद झाले, पोट घंटेच्या आकाराचे झाले, आणि कडीची गरज संपली. घंटेच्या आकाराला घडणीच्या दृष्टीने एक मोठी अडचण आहे. गोल वळण सगळीकडे एकसारखे असते, त्यामुळे त्यातली चूक एका साध्या गोल फर्म्याने पकडता येते. घंटेची रेषा आधी बाहेर फुगते, मग आत वळते आणि गळ्याशी पुन्हा बाहेर झुकते. फुगवट्याचे खोलगटात रूपांतर होते तो जो बिंदू, तिथेच बहुतेकांचा हात चुकतो. एक तर तिथे कंगोरा राहतो, नाहीतर रेषा मरगळते. लेखकाने या एका बिंदूवर अख्खे प्रकरण खर्चले आहे. कुणाला ते जास्त वाटेल, मला वाटले नाही.

नक्षीच्या घराण्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. तारकशीत चांदीची तार खाचेत बसवतात; तहनिशानात कापलेला पत्रा; जरबुलंदात चांदी पृष्ठभागाच्या वर उठून राहते; आफताबीत उलट, पत्र्यालाच नक्षीची भोके पाडून तो अंगावर चढवतात, त्यामुळे नक्षी काळी आणि पार्श्वभूमी चांदीची दिसते. बिदरखेरीज लखनौ, बिहारमधले पूर्णिया, बंगालचे मुर्शिदाबाद इथेही हे काम चाले. लखनौचा ओढा उठावाकडे, पूर्णियाचा नाजूक तारेकडे. ज्यांना या इतिहासात खोल जायचे आहे त्यांच्यासाठी सुसान स्ट्राँग यांचे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ मध्ये काढलेले पुस्तक आणि मार्क झेब्रोव्स्की यांचा १९९७ चा मुघलकालीन धातुकामावरचा ग्रंथ आहेच. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

संभाजीनगरचा या परंपरेशी संबंध काय, असे बाहेरचे लोक विचारतात. बिदर आज कर्नाटकात आहे, बिदरीला २००६ मध्ये मिळालेला भौगोलिक निर्देशांकही कर्नाटकाचा. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि औरंगाबाद (आजचे संभाजीनगर) ही दोन्ही हैदराबाद संस्थानातली, नंतर हैदराबाद राज्यातली शहरे होती. राज्यांची फेररचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातलेच उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके इकडे आले. भालकी-औरादकडे आजही घराघरांत मराठी बोलली जाते. कारागिरांनी सीमा आखल्या नव्हत्या. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, निजामाने हैदराबादला जाण्यापूर्वी इथूनच राज्य केले, आणि सरदार-मनसबदारांच्या या शहरात हिमरू, पैठणी आणि बिदरी या तिन्ही कसबांना गिऱ्हाईक होते. आज गिऱ्हाईक बदलले आहे. मकबऱ्याला आणि वेरूळ-अजिंठ्याला येणारा पर्यटक घाईत असतो. त्याला बॅगेत मावेल अशी डबी, कानातले, चावीची साखळी हवी असते. अजिंठ्याच्या चित्रांतले पद्मपाणी, हंस, कमळे इथल्या बिदरीवर आली ती या बाजारामुळे. मला त्यात गैर वाटत नाही, उलट ही या शहराची स्वतःची भर आहे. पण लहान आणि सपाट वस्तूंवर काम करता करता एक पिढी अशी तयार झाली, जिचा छिन्नीवरचा हात उत्तम आहे आणि कानशीवरचा कच्चा.

कच्चा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी ओतकामापासून सुरुवात करावी लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत हुक्क्याच्या भांड्यासाठी मातीचा गाभा फिरवून गोल केल्याचे, त्यावर मेण आणि राळेचा थर दिल्याचे, वर पुन्हा माती थापल्याचे उल्लेख आहेत. मेण वितळून जाई, त्या जागी धातू येई. गाभाच फिरवून केलेला असल्याने भांडे पहिल्यापासून गोल आणि भिंत एकसारखी. आज एरंडेल तेल आणि राळ मिसळलेल्या वाळूचे दोन भागांचे साचे सर्रास वापरतात. ते स्वस्त आणि झटपट पडतात, पण दोन अर्धुके जरा सरकली की भांडे लंबगोल होते आणि जोडावर शीर उभी राहते. ती शीर कानशीने काढताना नवशिका तेवढीच जागा घासतो, आणि तिथे चपटेपणा येतो. उपाय एकच: शीर काढायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग तिच्यापर्यंत आणायचा.

जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. तांब्याचा वितळणबिंदू १०८५. म्हणजे तांबे वितळेपर्यंत भट्टी तापवत बसलात तर जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाईल. कारागीर म्हणून वितळलेल्या जस्तात तांब्याचे बारीक तुकडे विरघळू देतो. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. लेखकाने हवा खेळती ठेवण्याबद्दल आणि तोंडावरच्या मास्कबद्दल जे खडसावून लिहिले आहे, ते वगळून पुढे जाऊ नये. आपल्याकडे कसबाच्या पुस्तकांत असल्या सूचना दोन ओळींत आटोपण्याची रीत आहे. इथे तसे झालेले नाही. धातू थिजताना आकसतो, त्यात हवा अडकते आणि पृष्ठभागाखाली बारीक भोके राहतात. ती ओतल्यावर दिसत नाहीत, घासताना उघडी पडतात.

आणि मग मोह होतो. भोक तिथे फूल. ही तोड प्रत्येक कारखान्यात चालते: जिथे छिद्र निघाले तिथे चांदीचे एक पान वाढवायचे. गंमत म्हणजे ब्रायरच्या पाइपवाल्यांचीही हीच कथा आहे. लाकडात वाळूचा खडा निघाला की त्यावर लांबी भरायची, नाहीतर सगळा पृष्ठभागच खडबडीत कोरायचा. खडबडीत कोरणे स्वतंत्र शैली म्हणूनही देखणे असू शकते, डनहिलने ते दाखवून दिले. पण लपवण्यासाठी केलेले आणि मुद्दाम निवडलेले यांत फरक पडतो. लेखक यावर सोवळे नाहीत. छिद्र बुजवायचेच असेल तर त्याच मिश्रधातूची बारीक खुंटी ठोकून बुजवा, म्हणजे काळा करताना डाग पडणार नाही, आणि नक्षी आधी ठरली होती तशीच राहू द्या, असे ते सांगतात. नक्षीचा आराखडा दोष झाकण्यासाठी बदलला की भांड्याचा तोल जातो, हे मला पूर्ण मान्य आहे.

घासकामावरचा भाग या पुस्तकाचा गाभा आहे. मोठ्या दात्यांची कानस, मग बारीक, मग खरवडणी, मग पॉलिश पेपर, हा क्रम सगळ्यांना माहीत असतो. जे सांगितले जात नाही ते या पुस्तकात आहे. जस्त कानशीच्या दात्यांत अडकून बसते आणि तोच कण पुढच्या हातात खोल ओरखडा काढतो, म्हणून कानशीला खडू घासायचा आणि तारेच्या ब्रशने ती सारखी साफ करायची. पेपर बदलला की घासण्याची दिशा आडवी करायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळते. पेपर बोटाने दाबायचा नाही, वळणाप्रमाणे तासलेल्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा; बोट मऊ असते, ते खड्ड्यात शिरून खड्डा वाढवते. आणि तपासणी डोळ्यांनी समोरून नव्हे: भांडे खिडकीसमोर धरून बाहेरची रेषा पाहायची, फिरवायचे, पुन्हा पाहायचे, मग डोळे मिटून तळहाताने. तळहाताला जे कळते ते डोळ्याला उशिरा कळते. पुठ्ठ्याचा फर्मा हाताशी ठेवायचा, पण त्याच्यावर शेवटचा निर्णय सोपवायचा नाही.

मग मोरचूदाच्या पाण्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर करायचा, त्यावर सुईने रेखाटन, मग छिन्नी. खाचेच्या भिंती आतून किंचित रुंद हव्यात, तरच ठोकलेली मऊ चांदी आत पसरून घट्ट धरते. चांदी बसली की पुन्हा घासायचे, आणि इथे बिदरीचा सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहतो. चांदी आणि जस्त यांची झीज सारखी होत नाही. मऊ कापडावर पॉलिश लावून घासले तर एक धातू जास्त झिजतो, नक्षीच्या कडा गोलावतात आणि जी रेषा सुरीसारखी धारदार असायला हवी ती पुसट होते. बाजारातल्या बऱ्याच नव्या मालाकडे पाहिले की नजर कुठेच ठरत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. विजेवर फिरणाऱ्या बफने हे काम पाच मिनिटांत होते, आणि बिघडतेही पाच मिनिटांत. लेखक बफच्या पूर्ण विरोधात आहेत, मी नाही. घंटेचा खालचा सरळ भाग बफवर घेतला तर हात वाचतो आणि नुकसान होत नाही. कारागिराला मजुरी मिळते ती नगाप्रमाणे, हे आपण विसरतो.

शेवटचा काळेपणा. त्याभोवती भरपूर गूढ विणलेले आहे: बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती, ती जिभेवर ठेवून पारखणारे उस्ताद. यात तथ्य आहेच. त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात. पण काळेपणाचे खरे मर्म मातीत जेवढे आहे तेवढेच धातूत आहे. सुसान ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांनी १९८७ मध्ये बिदरीच्या तांत्रिक तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. या अभ्यासातून कळते ते असे की मिश्रधातूतल्या त्या थोड्याशा तांब्याशिवाय हा काळेपणा येत नाही. शुद्ध जस्ताला तोच लेप लावला तर ते काळे होत नाही. म्हणून रंग करडा आला की मातीला दोष देण्याआधी मुशीत काय गेले ते पाहावे. भांडे किंचित गरम असावे, लेप सगळीकडे सारखा फिरावा, धुऊन लगेच कोरडे करून तेलाचा हात द्यावा. काळा थर पारदर्शक नसला तरी पातळ असतो, तो एकही ओरखडा झाकत नाही. उलट मंद काळ्यावर प्रकाश तिरपा पडला की घासकामातली प्रत्येक हयगय उठून दिसते. घरी जुना बिदरी नग असेल त्यांना एक विनंती: तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर किंवा चिंच त्याला लावू नका. आम्लाने काळेपणा निघून जातो आणि उरते ती करडी जस्ताची वस्तू.

हे सगळे आत्ता का? चांदीचा भाव असा चढला आहे की भरगच्च जडावकाम करून नग विकणे लहान कारखान्याला झेपत नाही. स्वाभाविकच चांदी कमी होत जाणार. चांदी कमी झाली की भांड्याचा उघडा काळा पृष्ठभाग वाढतो, आणि त्या पृष्ठभागाला तोलून धरायला घाटाशिवाय काही उरत नाही. दुसरे असे की दिव्याच्या बैठकी, फुलदाण्या, सुरया यांना घराघरांत आणि हॉटेलांत मागणी आहे, आणि या वस्तूंचे वळण हुक्क्याच्याच भांड्याचे आहे. हुक्का गेला, घंटेचा घाट राहिला. २०२३ मध्ये बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेकडे पुन्हा लक्ष गेले. पण सन्मानाने प्रशिक्षण होत नाही. आपल्या प्रशिक्षणवर्गांत विद्यार्थ्याच्या हाती तयार ओतलेला, घासलेला नग देतात आणि थेट छिन्नी धरायला शिकवतात. तीन महिन्यांत फुले-पाने येतात. रिकामा नग कुठून आला, तो वाकडा का आहे, हे विचारायची सवयच लागत नाही.

या पुस्तकाने क्रम उलटा केला आहे. आधी एकही खाच न खोदता तीन साधी भांडी पूर्ण करायची: गोल, घंटेचे आणि सुरईचे. तिन्ही नुसती काळी. त्यांवर चांदीचा कण नाही. ती तिन्ही नजरेला पटली की मगच तारकशी. संग्रहालयांतल्या भांड्यांच्या बाह्यरेषा मोठ्या आकारात काढून दिल्या आहेत, त्या पुठ्ठ्यावर उतरवून फर्मे करता येतात. मधली प्रकरणे कुठूनही वाचता येतील, घासकामाची दोन मात्र ओळीने वाचावीत. नक्षीच्या आराखड्यांचे पुस्तक समजून कुणी हे घेतले तर निराश होईल. तशी पुस्तके आहेत.

एक उणीव मला जाणवली, ती लेखकांनाही बोलून दाखवली आहे. गळा वेगळा ओतून पोटाला जोडण्याची पद्धत आज सगळीकडे आहे, आणि त्या जोडावरचे डाखकाम हा मोठा डोकेदुखीचा भाग आहे. डाखाचा धातू वेगळा काळा होतो आणि गळ्याभोवती कायमची एक फिकट कडी दिसते. जुन्या भांड्यांत गळ्याशी जी उठावदार कडी असते ती केवळ शोभेची होती की असा जोड तिच्या आड घेतला जाई, हे नग हातात घेऊन तपासण्यासारखे आहे. पुस्तकात याला जेमतेम दीड पान मिळाले आहे. पुढच्या आवृत्तीत ते वाढवण्याचे लेखकांनी कबूल केले आहे. तोवर शिकणाऱ्याने शक्य असेल तिथे गळ्यासकट एकसंध ओतावे, आणि पहिल्या धड्यासाठी जस्त आणायला धावू नये; त्या धड्याला पुठ्ठा, कात्री, पेन्सिल आणि खिडकीतला उजेड एवढेच लागते.